फायबर शेजारच्या वसाहतीत येतं, आपल्या वस्तीत का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या एका सधन वसाहतीत घराघरांत फायबर, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यातून येणारं वेगवान इंटरनेट, पोहोचून काही वर्षं झाली. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर साध्या नोकरदार आणि कामगार कुटुंबांची वस्ती आहे. तिथे अजून टेलिफोनच्या जुन्या तारेवरचं इंटरनेट आहे, नाहीतर मोबाइलचा हॉटस्पॉट. कंपनीकडे विचारणा केली की ‘तुमचा भाग फिझिबल नाही’, म्हणजे तिथे जोडणी देणं शक्य नाही, एवढंच उत्तर मिळतं. हे खरं आहे का? खरं नसेल तर वस्तीने करायचं काय?

मी बरीच वर्षं ॲक्सेस नेटवर्कच्या नियोजनात काम केलं आहे. एक्स्चेंजपासून घराच्या भिंतीपर्यंतचा जो शेवटचा टप्पा असतो, त्याचे आराखडे आणि खर्चाचे अंदाज हे माझं काम. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो. तांत्रिकदृष्ट्या तुमचा भाग जवळजवळ नक्कीच फिझिबल आहे. कंपनीच्या तक्त्यात तुमच्या गल्लीसमोर जो खर्चाचा आकडा आला, तो त्यांनी ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला, एवढाच त्या उत्तराचा अर्थ. हा आकडा काही गृहीतकांवर उभा असतो आणि त्यातली निम्मी गृहीतकं तुमच्या वस्तीत कोणी येऊन तपासलेली नसतात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अंतराची सबब पहिल्यांदा बाजूला करू. तांब्याच्या तारेवर अंतर खरोखरच सगळं ठरवतं. एडीएसएल-२ प्लस या तंत्राची कागदावरची कमाल २४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आहे, पण ती एक्स्चेंजच्या अगदी जवळच्या घरांपुरती. चार-पाच किलोमीटरवर त्याच तारेतून जेमतेम काही एमबीपीएस निघतात, आणि जॉइंट गंजलेले असतील तर तेही नाहीत. फायबरचं तसं नाही. प्रकाश काचेतून जाताना किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल एवढाच क्षीण होतो (डेसिबल हे इथे सिग्नल किती घटला ते मोजण्याचं माप). घरगुती जोडण्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं जीपॉन तंत्र २८ डेसिबलपर्यंतची घट सहन करतं. एका फायबरचे ३२ घरांत वाटे करणारा स्प्लिटर त्यातले सतराच्या आसपास खातो. उरलेल्या हिशेबात सधन वसाहतीच्या कोपऱ्यावरून तुमच्यापर्यंत आणखी दोन किलोमीटर केबल ओढली, तर एक डेसिबलसुद्धा जास्तीचा जात नाही. शेजारच्या वसाहतीत जे यंत्र बसलं आहे, तेच तुमच्या वस्तीलाही पुरवू शकतं. फार तर त्यात एखादं जास्तीचं पोर्ट कार्ड, म्हणजे आणखी केबल जोडायच्या जागा देणारं कार्ड, लागेल.

मग अडतं कुठे? खोदाईत. फायबर केबल स्वतः स्वस्त असते. पैसा जातो रस्ता फोडण्यात, डक्ट (केबल ज्यातून जाते ती नळी) टाकण्यात, रस्ता पूर्ववत करून देण्यात, खांबांच्या आणि जागेच्या परवानग्यांत, आणि जॉइंट मारणाऱ्या माणसांच्या मजुरीत. हा खर्च गल्लीत किती लोक जोडणी घेतात यावर अवलंबून नसतो. गल्ली फोडायची म्हटली की ती पूर्ण फोडावी लागते.

इथे आमच्या धंद्यातले दोन शब्द समजून घ्या, कारण पुढची सगळी बोलणी त्यांच्यावर चालतात. ज्या घरांसमोरून केबल गेली ती ‘होम्स पास्ड’. ज्यांनी खरोखर जोडणी घेतली ती ‘होम्स कनेक्टेड’. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की निघतो ‘टेक रेट’. समजा शंभर घरांची एक गल्ली आहे आणि तिच्यात नेटवर्क टाकायला शंभर एकक खर्च येतो. पन्नास घरांनी जोडणी घेतली तर प्रत्येक जोडणीमागे दोन एकक पडतात. वीसच घरांनी घेतली तर पाच. कंपनीने जोडणीमागे तीन एककांची मर्यादा ठेवली असेल, तर पन्नास जोडण्यांची गल्ली मंजूर होते आणि वीस जोडण्यांच्या गल्लीसमोर ‘फिझिबल नाही’ असा शिक्का बसतो. दोन्ही गल्ल्यांची माती, अंतर आणि केबल अगदी एकसारखी असली तरी.

आता खरा प्रश्न विचारा: ‘वीस’ हा आकडा कोणी काढला? बहुतेक वेळा तो आधीच्या माहितीवरून गृहीत धरलेला असतो. भागाचं सरासरी उत्पन्न, घरं मालकीची की भाड्याची, महागडे प्लॅन घेणारे किती, आणि आज त्या भागात कंपनीची किती ब्रॉडबँड जोडणी चालू आहेत. यातला शेवटचा निकष मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. ज्या वस्तीत तांब्याची तार संध्याकाळी व्हिडिओ कॉलही धरत नाही, तिथे लोक जोडणी बंद करतात आणि मोबाइलवर भागवतात. मग पुढच्या वर्षीच्या तक्त्यात ‘या भागात मागणी कमी’ अशी नोंद होते. वाईट सेवा दिली म्हणून ग्राहक गेले, आणि ग्राहक नाहीत म्हणून चांगली सेवा नाही. हे चक्र कोणी मुद्दाम फिरवलेलं नसतं, पण त्याचा परिणाम वर्षानुवर्षं एकाच बाजूच्या लोकांवर होतो.

आणि एक विसंगती पाहा. सधन वसाहतीत बंगले एकमेकांपासून लांब, फाटकापासून घरही आत. तिथे घरामागे लागणारी केबल आणि खोदाई जास्त. साध्या वस्तीत घरं भिंतीला भिंत लागून. एका खांबावरच्या एका बॉक्समधून कितीतरी घरांना ड्रॉप केबल, म्हणजे खांबावरून घरात जाणारी शेवटची केबल, टाकता येते. निव्वळ भूगोलावर नियोजन झालं असतं, तर अनेक शहरांत दाट वस्त्यांना फायबर आधी मिळालं असतं. तसं होत नाही, यावरून टेक रेटचं गृहीतक खोदाईच्या हिशेबावर किती भारी पडतं हे दिसतं. अर्थात दाट वस्तीच्या खऱ्या अडचणीही आहेत. खोल्या भाड्याच्या, मालक दुसरीकडे राहणारा, जागेची कागदपत्रं अर्धवट, बॉक्स लावायला भिंत कोणाची याचा वाद, घरांना नीट क्रमांक नाहीत. कंपनीचा माणूस एकदा येऊन हे बघतो आणि परत जातो. पण या अडचणी सुटणाऱ्या आहेत, आणि त्या सोडवायला वस्तीतल्या माणसांइतकं चांगलं कोणी नाही. त्याकडे पुढे येतो.

गृहीत मागणी आणि प्रत्यक्ष मागणी यांतला फरक जगासमोर लख्ख आला तो अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, २०१२ साली. गूगल फायबरने शहराचे छोटे छोटे भाग पाडले आणि सांगितलं की ज्या भागात पुरेशी घरं दहा डॉलर भरून आगाऊ नोंदणी करतील, तिथे आम्ही आधी जाऊ. ऐकायला हे फार न्याय्य वाटतं. पण नोंदणी ऑनलाइन होती आणि पैसे कार्डाने भरायचे होते. ज्यांच्याकडे घरी इंटरनेट नव्हतं आणि बँकेचं कार्डही नव्हतं, त्यांनी इंटरनेट हवं असल्याचं इंटरनेटवरून सांगायचं होतं. शहरात ट्रूस्ट ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. पूर्वीपासून गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वस्त्यांची सीमा म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या पश्चिमेकडचे भाग भराभर पात्र ठरले आणि पूर्वेकडचे मागे पडले. मग स्वयंसेवक, शिक्षक, ग्रंथालयांतली आणि चर्चमधली माणसं दारोदार फिरली. लोकांना समजावलं, नोंदणी करून दिली. मुदत संपेपर्यंत मागे पडलेल्या भागांपैकी बरेच पात्र झाले. माझ्या मते या प्रसंगातून दोन्ही गोष्टी शिकायच्या आहेत. मागणी मोजण्याची पद्धतच गरिबाला गाळू शकते. आणि कोणी दारात जाऊन विचारलं तर तीच मागणी वर येते.

त्या प्रसंगाला आणखी एक बाजू होती. अमेरिकेत केबल टीव्हीच्या काळात शहरं कंपनीला परवाना देताना बहुधा अट घालत, की ठरावीक मुदतीत सगळ्या शहरात जाळं टाकलं पाहिजे, फक्त फायद्याच्या भागात नाही. २००५ नंतर अनेक राज्यांनी परवाने राज्य पातळीवर घेतले आणि या अटी सैल झाल्या. नव्या कंपन्यांना आकर्षित करायचं म्हणून शहरांनीही अटी सोडल्या. रस्ता सार्वजनिक, खांब सार्वजनिक, पण त्यांच्यावरून जाणारी केबल कोणाच्या दारात थांबेल याबद्दल जनतेला काही म्हणता येईना. विजेच्या बाबतीत हा धडा आधीच शिकून झाला होता. १९३० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या शहरांत बहुतेक घरांत वीज होती, आणि शेतांवरच्या दहा घरांपैकी जेमतेम एकात. खासगी कंपन्या तेव्हाही हेच म्हणत होत्या, की लांबच्या लोकांना परवडणार नाही आणि ते फारशी वीज वापरणार नाहीत. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज दिलं, लोकांनी आपल्या तारा आपण ओढल्या आणि मागणी भरपूर निघाली. आज त्यांतल्याच कित्येक वीज सहकारी संस्था आपल्या सभासदांना फायबर देत आहेत.

नकाशांबद्दल सावध राहा. ‘तुमच्या भागात ब्रॉडबँड उपलब्ध आहे’ असं सरकारी नकाशावर दिसलं तरी त्याचा अर्थ तपासून घ्या. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या जुन्या पद्धतीत जनगणनेच्या एका ब्लॉकमधल्या एका घराला जरी सेवा देता येत असेल, तरी तो अख्खा ब्लॉक सेवा मिळालेला म्हणून रंगवला जाई. अनुदान मात्र रंग नसलेल्या भागालाच मिळे. म्हणजे चुकीच्या रंगाने लोकांचा दोनदा तोटा. २०२० च्या कायद्यानंतर ही पद्धत बदलली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये घरनिहाय नकाशा आला. त्यावर नागरिकांना हरकत नोंदवता येते. भारतात भारतनेटच्या बाबतीतही हाच फरक लक्षात ठेवावा लागतो. ती योजना २०११ साली मंजूर झाली आणि तिचा मूळ हेतू ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा होता. पंचायतीच्या खोलीतलं यंत्र आणि शेवटच्या घरातला राउटर यांच्यामध्ये जो टप्पा उरतो, तो वेगळा बांधावा लागतो आणि वेगळा सांभाळावा लागतो. नकाशावर तो दिसत नाही.

व्याख्यांचंही असंच आहे. अमेरिकेत २०१५ पासून ब्रॉडबँड म्हणजे डाउनलोडला २५ आणि अपलोडला ३ एमबीपीएस असं धरत. मार्च २०२४ मध्ये ते १०० आणि २० झालं. ब्रिटनमध्ये २०२० पासून नागरिकाला किमान १० एमबीपीएसची मागणी करण्याचा हक्क आहे. भारतात २०२३ पासून ब्रॉडबँडच्या व्याख्येत किमान २ एमबीपीएस धरतात. फिनलंडने २०१० मध्येच १ एमबीपीएसची जोडणी हा कायदेशीर हक्क केला आणि तेव्हा ते धाडसाचं पाऊल होतं. किमान मर्यादा हवीच, माझा तिला विरोध नाही. पण व्यवहारात श्रीमंत वस्तीत स्पर्धा वेग वाढवत नेते आणि साध्या वस्तीत कायद्याने सांगितलेला तळच कमाल होऊन बसतो. म्हणून अर्ज करताना ‘ब्रॉडबँड द्या’ असं लिहू नका. ‘घरापर्यंत फायबर’ असं लिहा.

अपलोडवर खास भर द्या. सिनेमा बघायला डाउनलोड लागतं. मुलाचा ऑनलाइन वर्ग, डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं, घरून नोकरी, आपलं काम किंवा माल दाखवून ऑर्डर मिळवणं, या सगळ्याला अपलोड लागतं. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन ते चार एमबीपीएस वर जावे लागतात. घरात दोन मुलं आणि एक नोकरी असेल तर ३ एमबीपीएस अपलोडची लाइन पहिल्या कॉललाच संपली. जीपॉनवर ३२ घरं एकाच वेळी पूर्ण जोरात डाउनलोड करत असली, तरी २.५ गीगाबिटमधून प्रत्येकाच्या वाट्याला ७५ एमबीपीएसच्या वर येतात, आणि अपलोडला त्याच्या निम्मे. प्रत्यक्षात सगळे एकदम कधीच नसतात.

दरातली विषमता तर सहज नजरेला पडत नाही. २०२२ साली द मार्कअप या शोधपत्रकारितेच्या संस्थेने अमेरिकेतल्या ३८ शहरांतल्या चार कंपन्यांच्या आठ लाखांहून जास्त ऑफर तपासल्या. एकाच शहरात, एकाच महिन्याच्या दराला, काही पत्त्यांवर फायबरचा वेग देऊ केला होता आणि काही पत्त्यांवर जुन्या तांब्याचा. ज्या शहरांची तपासणी करता आली त्यांतल्या बहुतेकांत कमी उत्पन्नाच्या भागांना वाईट ऑफर मिळण्याचं प्रमाण जास्त होतं. तुमच्या वस्तीतल्या दोन-तीन पत्त्यांची आणि पलीकडच्या वसाहतीतल्या दोन-तीन पत्त्यांची चौकशी त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर एकाच दिवशी करून ठेवा. स्क्रीनशॉट तारखेसकट जपा. एखाद्या लोकप्रतिनिधीला दहा पानी निवेदनापेक्षा ते दोन स्क्रीनशॉट लवकर समजतात.

‘मोबाइलवर सगळं चालतं, मग फायबर कशाला’ हे तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. उत्तर तयार ठेवा. टॉवरच्या एका दिशेची क्षमता त्या पट्ट्यातले सगळे फोन वाटून घेतात. जिथे घरी फायबर आहे तिथे फोन घरात वायफायवर जातो आणि टॉवर मोकळा राहतो. जिथे फायबर नाही तिथे अख्खी वस्ती संध्याकाळी एकाच टॉवरवर येते. आणि जमिनीखाली फायबर नसलेल्या भागात पुष्कळदा टॉवरलाही ते मिळत नाही, मग तो मायक्रोवेव्ह लिंकवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या जोडणीवर, चालतो आणि ती लिंकच आधी भरते. शिवाय हॉटस्पॉट ज्या फोनवर आहे, तो घेऊन कोणी कामावर गेलं की घरातलं इंटरनेट त्याच्याबरोबर जातं. ज्या घरात एकच चांगला फोन आहे, तिथे अभ्यास त्या माणसाच्या परतण्याची वाट बघतो. उपग्रहाचं सांगाल तर साडेपाचशे किलोमीटरवर फिरणारे नवे उपग्रह विरळ, दुर्गम भागाला खरोखर उपयोगी आहेत. त्यांची क्षमता मोठ्या भूभागावर पसरलेली असते, दाट वस्तीला ती पुरत नाही.

आता करायचं काय.

आधी आपल्या लाइनला काय झालंय ते शोधा. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर ‘सिंक रेट’ (मॉडेम आणि एक्स्चेंज यांच्यात जुळलेला वेग) आणि ‘लाइन ॲटेन्युएशन’ (तारेत सिग्नलची होणारी घट) असे आकडे असतात. ॲटेन्युएशन पन्नास डेसिबलच्या आसपास किंवा वर असेल, तर तार लांब किंवा खराब आहे आणि कोणताही महागडा प्लॅन तिला वेगवान करणार नाही. सिंक रेट चांगला आहे, सकाळी सहाला वेगही मिळतो, पण रात्री आठ ते अकरा तो कोसळतो, तर तुमची तार ठीक आहे. एक्स्चेंजच्या पुढची, सगळ्यांची सामाईक लिंक भरलेली आहे. दुखणी दोन, औषधं दोन. मोजमाप वायफायवर करू नका, लॅपटॉप केबलने राउटरला जोडून करा, नाहीतर पहिल्याच भेटीत ‘तुमच्या वायफायचा दोष’ म्हणून विषय संपेल. आठ-दहा घरांनी दोन आठवडे ठरलेल्या वेळांना नोंदी केल्या तर पुरतं.

मग फायबर सर्वांत जवळ कुठे आलंय ते चालत जाऊन बघा. खांबांवरचे लहान काळे किंवा करडे बॉक्स, रस्त्याच्या कडेच्या चेंबरची झाकणं, गुंडाळून टांगलेली जादा केबल, हे सगळं उघड्यावर असतं. त्यांची जागा साध्या नकाशावर टिपा, पण झाकणं उघडू नका आणि बॉक्सला हात लावू नका. शाळा, दवाखाना, पोलीस चौकी, बँक यांच्यापर्यंत फायबर आधीच आलेलं असतं असा माझा अनुभव आहे. तिथे आलेल्या केबलमध्ये बहुतेक वेळा न वापरलेले धागे शिल्लक असतात. कंपनीने सांगितलेलं ‘दोन किलोमीटर’ पुष्कळदा दोनशे मीटरवर येतं ते असं.

तिसरं काम मागणी गोळा करण्याचं, आणि कष्ट इथे घाला. नुसत्या सह्यांचं निवेदन कंपनीच्या उपयोगाचं नसतं. त्यांना गल्लीनिहाय यादी लागते: घर, मजला, राहणाऱ्याचा होकार, भाड्याचं असेल तर मालकाचं संमतीपत्र, बॉक्स आणि केबलसाठी कोणत्या भिंती वापरता येतील, आणि ठरावीक दरात जोडणी घेण्याची तयारी. ही यादी दिलीत की वरच्या उदाहरणातला ‘वीस’ हा गृहीत आकडा बाजूला पडतो आणि त्याच्या जागी तुमचा आकडा बसतो. मी नियोजनाच्या टेबलावर असताना अशी यादी आली की त्या भागाचा हिशेब पुन्हा मांडावाच लागे, कारण परवानग्यांचं आणि सर्वेक्षणाचं अर्धं काम लोकांनीच केलेलं असे. एकाच कंपनीला देऊ नका, भागात काम करणाऱ्या सगळ्यांना द्या, छोट्या केबलचालकांनाही. आणि यादीतली लोकांची माहिती सांभाळा. फोन नंबर कोणालाही फुकट वाटू नका.

चौथं, खर्चाची बाजू. गल्लीत पाण्याची, गटाराची किंवा रस्त्याची खोदाई होणार असेल, तर त्याच खड्ड्यात एक-दोन रिकामे डक्ट टाकून घ्या, अशी मागणी स्थानिक प्रशासनाकडे लेखी करा. रिकाम्या प्लास्टिक नळीला फारसा खर्च नसतो. पण ती तयार असेल तर आपल्या उदाहरणातल्या शंभर एककांतले निम्मे सहज वाचू शकतात, आणि मग वीस घरांच्या टेक रेटलाही जोडणीमागे अडीच एकक पडतात. तीच गल्ली, तेच लोक, आणि मर्यादेच्या आत. मात्र हे डक्ट प्रशासनाच्या मालकीचे राहिले पाहिजेत आणि समान दराने सर्व कंपन्यांना खुले असले पाहिजेत. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकॅब ही स्वतःची कंपनी काढून नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. शहराने फायबर टाकलं, ते कोणालाही भाड्याने दिलं आणि त्यावरच्या सेवांसाठी कंपन्यांनी आपापसांत स्पर्धा केली. रस्ता एकदाच फुटला.

जिथे कंपनी येणारच नाही अशी खात्री झाली, तिथे लोकांनी स्वतः बांधल्याचीही उदाहरणं आहेत. इंग्लंडमध्ये लँकशरच्या ग्रामीण भागात बीफोरआरएन ही लोकांच्या मालकीची संस्था २०११ मध्ये उभी राहिली आणि ती गावकऱ्यांच्या भांडवलावर आणि श्रमावर फायबर टाकते. शेतकरी आपल्या शेतातून केबल नेण्याची परवानगी विनामूल्य देतात आणि रस्ता फोडण्याऐवजी चर शेतातून जातो. घरांना मिळणारा वेग एक गीगाबिट, दोन्ही दिशांना. केरळ सरकारने २०२३ मध्ये केफॉन हे सरकारी फायबर जाळं सुरू केलं तेव्हा वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे उद्दिष्ट जाहीर केलं आणि केबल नेली वीज मंडळाच्या खांबांवरून. मार्ग वेगळे आहेत, पण दोन्हीकडे आधी खोदाईचा आणि जागेचा प्रश्न सोडवला आणि मग इंटरनेटचा. स्वतः बांधायचं ठरवलंत तर देखभालीचा विचार पहिल्या दिवशी करा. जाळं टाकायला उत्साह पुरतो, पण तुटलेली केबल भर पावसात जोडायला पगारी माणूस आणि स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबरचे धागे सांधण्याचं, यंत्र लागतं.

परवडण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो वेगळाच मांडावा. केबल दारात आली म्हणून महिन्याचे पैसे निघतात असं नाही. अमेरिकेत २०२१ अखेरपासून एका योजनेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना महिना ३० डॉलरची सवलत मिळत होती. २ कोटी ३० लाख कुटुंबं तिच्यात आली. निधी संपला आणि १ जून २०२४ रोजी ती बंद झाली. एवढ्या घरांनी नोंदणी केली, यावरून ‘त्यांना इंटरनेट नकोच असतं’ हे म्हणणं किती पोकळ होतं ते कळलं. आणि एकदाच मंजूर झालेल्या निधीवर चालणारी सवलत किती ठिसूळ असते तेही. याच्या तुलनेत अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराचं उदाहरण मला जास्त पटतं. तिथल्या सार्वजनिक वीज कंपनीने २०१० मध्ये आपल्या संपूर्ण सेवाक्षेत्रात गीगाबिट फायबर देऊ केलं, श्रीमंत-गरीब असा भाग न पाडता. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा त्याच जाळ्यावरून सुमारे २८ हजार गरजू विद्यार्थ्यांच्या घरांना दहा वर्षांसाठी मोफत इंटरनेट देण्याचा कार्यक्रम त्यांना काही महिन्यांत सुरू करता आला. केबल आधीच दारात होती, म्हणून ते जमलं.

शेवटी, कंपनी बोलणीला आली की काय मागायचं ते सांगतो, कारण इथे वस्त्या घाईत सही करतात. पहिल्या टप्प्यात कोणत्या गल्ल्या आणि उरलेल्या कोणत्या तारखेपर्यंत, हे नकाशासह लेखी घ्या. ‘लवकरच’ हा शब्द करारात येऊ देऊ नका. एकट्या कंपनीला इमारतीत किंवा वस्तीत प्रवेशाचा हक्क देणारं कलम असेल तर काढायला सांगा. अमेरिकेत इमारतींतल्या अशा एकाधिकाराच्या करारांवर २००८ पासून बंदी आहे, आणि तुमच्याकडे कायद्याने बंदी नसली तरी तुम्ही नाही म्हणू शकता. शेजारच्या वसाहतीत जो दर आणि जो वेग आहे तोच इथे, आणि पहिल्या वर्षानंतर दर किती, हे विचारा. बिघाड किती तासांत दुरुस्त होईल आणि न झाल्यास बिलात किती सूट, तेही लिहून घ्या. स्प्लिटरमध्ये दहा-वीस टक्के पोर्ट राखीव ठेवायला लावा. नाहीतर जोडणी घ्यायला उशीर झालेल्या घरांना, आणि ती बहुधा सर्वांत गरीब असतात, पुढे वर्षभर ‘पोर्ट फुल’ हे उत्तर ऐकावं लागतं. फायबरऐवजी वायरलेस देऊ केलं तर रात्री नऊ वाजता, आपल्या घरात, आठवडाभर वापरून बघण्याची अट घाला, आणि त्या टॉवरला फायबर आहे का हे विचारा. नसेल, तर आधी ते टॉवरपर्यंत आणायला सांगा. तेवढं झालं की वस्तीपर्यंतचं बरंचसं अंतर आपोआप कापलं गेलेलं असेल, आणि पुढच्या बोलणीत तुमची गल्लीनिहाय यादी पुन्हा टेबलावर ठेवता येईल.